शेजारची खुर्ची

भाईजान गेले ते ऑगस्टअखेरीस. आपल्याकडे सोग तीन दिवसांचा; चार महिने दहा दिवसांची इद्दत बेवा झालेल्या बाईला, बहिणीला नाही. तरी डिसेंबरात मी सवाईला निघाले तेव्हा मामूजान म्हणालेच, "इतनी जल्दी गाना-बजाना?" मी शाल घेतली आणि निघाले. (गाणं जायज की नाजायज, हे भांडण भाईजाननी घरात कधीच भांडून घेतलं होतं.)

मोहल्ल्यात कुणालाही थांबवून ते सांगायचे, सवाई गंधर्वांचे उस्ताद कोण? आपले अब्दुल करीम खाँ! सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेन जोशींनी त्यांच्या नावानं हा महोत्सव सुरू केला. गुरूच्या जाण्यानंतर शिष्यानं गाणंच मांडलं, हे मामूजानना कसं सांगायचं!

मंडपात एक तान अशी काही आली की माझा हात आपोआप शेजारी गेला. दाद देताना भाईजान माझं मनगट दाबायचे. शेजारी एक अनोळखी आजोबा होते. त्यांनी चिवड्याची पुडी पुढे केली.

त्याआधी बालगंधर्वला एका विनोदी नाटकाला पोट दुखेपर्यंत हसले होते. अगदी मनापासून. मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन फोन काढला, तर यादीत पहिलं नाव अजून त्यांचंच. वडा गार झाला. घंटा वाजली तशी आत गेले, आणि पुन्हा हसले.

भाभीची इद्दत पुढच्या आठवड्यात संपते. काल भांडी विसळताना तिनं हळूच विचारलं, "बालगंधर्वला कुठलं नाटक लागलंय गं?"