साठीनंतरचीं अक्षरें

मी संगीतांतला जाणकार नव्हे. पाठशाळेंत अमरकोश व शब्दरूपावली पाठ केली, मॅट्रिक झालों, आणि पुढें छत्तीस वर्षें मुलांकडून संस्कृताचीं रूपें घोकून घेतलीं, एवढीच माझी पुंजी. तेव्हां अमेरिकेंतील एका गायकाच्या दौऱ्यांविषयीं मीं लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यांत नातू सुटीवर आला असतां त्यानें मला २०१२ सालचा एक अनुबोधपट दाखविला, आणि त्यांतील एक प्रसंग तेव्हांपासून मनांतून जात नाहीं.

त्या गायकाचें नांव चार्ल्स ब्रॅडले. ते जें गात त्याला तिकडे 'सोल', म्हणजे आत्मा, असें म्हणतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भजनांचा आर्त स्वर आणि त्यांच्या नाचगाण्याचा ठेका यांच्या मिलाफांतून हें गायन १९५० नंतरच्या दशकांत पुढें आलें. रे चार्ल्स व जेम्स ब्राउन हे त्याचे आद्य आचार्य.

ब्रॅडले यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९४८ रोजीं फ्लॉरिडा प्रांतांत झाला. लहानपणीं आजीनें सांभाळलें; पुढें आईनें त्यांना न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागांत नेलें. १९६२ सालीं बहिणीनें त्यांना अपोलो नाटकगृहांत जेम्स ब्राउन यांचें गाणें ऐकावयास नेलें, आणि आपण काय व्हावयाचें हें त्या मुलाला कळलें. कळणें आणि होणें यांच्यामध्यें मात्र जवळजवळ पन्नास वर्षें गेलीं. घर सुटलें, भुयारी आगगाडीच्या डब्यांत निजून रात्री काढाव्या लागल्या. मनोरुग्णांच्या इस्पितळांत त्यांनीं आचाऱ्याचें काम केलें. सख्ख्या भावाचा खून झाला. पन्नाशी उलटली तरी ते ब्रुकलिनच्या लहानसहान मद्यगृहांत केसांचा टोप चढवून जेम्स ब्राउन यांची नक्कल करीत. तेथें डॅपटोन या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेच्या चालकानें त्यांना हेरलें. अखेर जानेवारी २०११ मध्यें, वयाच्या ६२ व्या वर्षीं, 'नो टाइम फॉर ड्रीमिंग' हा त्यांचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला.

अल्बम निघाला म्हणजे गायकाचें काम संपलें, अशी माझी समजूत होती. नातवानें ती दूर केली. पूर्वीं तबकड्यांच्या विक्रीवर गायकाचा निर्वाह होई. आतां गाणें फोनवर जवळजवळ फुकट ऐकावयास मिळतें; म्हणून खरी कमाई जलशाच्या तिकिटांची. नवीं गाणीं लोकांच्या कानांवर घालावयाचीं तर गांवोगांव हिंडलें पाहिजे. वादकांचा ताफा घेऊन ब्रॅडले अमेरिका व युरोपमध्यें फिरूं लागले. दुपारीं ध्वनिक्षेपकांची चाचणी, रात्रीं गाणें, अपरात्रीं सामानाची बांधाबांध, आणि पुन्हा प्रवास. तिशींतला तरुण थकावा असा हा क्रम.

त्यांतून त्यांचें एक गाणें भावाच्या खुनाविषयींचें. ज्या दुःखावर घरांतलीं माणसें हळूहळू पडदा ओढतात, तें ह्या गृहस्थानें रोज नव्या शहरांत, परक्या लोकांपुढें उघडें करावयाचें. आमचे हरिदासबुवा हरिश्चंद्राचें आख्यान शंभरदां लावीत आणि शंभरदां त्यांचे डोळे भरून येत. हे अश्रू खरे कीं सवयीचे, असें मीं लहानपणीं वडिलांना विचारलें होतें. वडील म्हणाले, "सवय गळ्याला होते, डोळ्यांना नाहीं." तें उत्तर ब्रॅडले यांचा चेहरा पाहतांना मला पटलें. कार्यक्रम संपला कीं ते खालीं उतरून श्रोत्यांना मिठी मारीत. आमच्या घरांत नमस्काराची रीत, मिठीची नाहीं. तरी त्यांत मला कांहीं अनुचित दिसलें नाहीं.

आतां तो प्रसंग सांगतों. ज्यांच्या नांवाचा अल्बम देशोदेशीं जावयाचा होता, ते ब्रॅडले पुस्तक पुढें घेऊन वाचनाचे धडे घेत आहेत. पहिल्या इयत्तेंतल्या मुलासारखें शब्दाशब्दाशीं अडखळत आहेत. साठी उलटलेल्या त्या चेहऱ्यावर लाज होती, पण माघार नव्हती.

मीं नातवाला चित्रपट थांबवावयास सांगितलें आणि पाणी पिण्याच्या निमित्तानें आंत गेलों.

१९९२ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेचा शिपाई, सारे त्यांना मामा म्हणत, एके दिवशीं मधल्या सुटींत माझ्याजवळ आला. तेव्हां त्यांनीं पन्नाशी गांठली होती. टोपी हातांत घेऊन ते म्हणाले, "गुरुजी, मला अक्षरं शिकवाल का?" शिक्षकांच्या खोलींत पांचसात जण बसले होते. मीं हंसून म्हटलें, "मामा, या वयांत काय मॅट्रिकला बसावयाचें आहे?" खोलींत हंशा पिकला. मामाही हंसले. "तसं नाय, गुरुजी. लेकीचं पत्र येतं. दुसऱ्याकडनं वाचून घ्यावं लागतं." इतकें बोलून ते तास द्यावयास गेले. पुन्हा त्यांनीं तो विषय काढला नाहीं. मीही काढला नाहीं.

ब्रॅडले यांचा दुसरा अल्बम २०१३ सालीं निघाला आणि तिसरा, 'चेंजेस', एप्रिल २०१६ मध्यें. त्याचें शीर्षकगीत मुळांत 'ब्लॅक सॅबथ' या इंग्लंडमधील वाद्यवृंदाचें, १९७२ सालचें. मध्यंतरीं आई वारल्यामुळें तें गातांना त्यांना तिचीच आठवण होई. हा नवा संग्रह घेऊन ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. पण त्याच वर्षाच्या शरदृतूंत जठराच्या कर्करोगाचें निदान झालें आणि कार्यक्रम रद्द करावे लागले. उपचार घेऊन २०१७ च्या आरंभीं ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. पुढें रोग यकृतापर्यंत पोहोंचला. २३ सप्टेंबर २०१७ रोजीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, ते ब्रुकलिनमध्यें निवर्तले.

पहिल्या अल्बमपासून मृत्यूपर्यंतचा काळ मीं मास्तरी खोडीप्रमाणें मोजला. सहा वर्षें आठ महिने. पहिलींत आलेलें मूल सातवींत जातें, तेवढाच. तेवढ्यांत त्या माणसानें तीन अल्बम दिले आणि अर्ध्या जगांत आपलें गाणें नेलें. उशिरां आलेल्या माणसाला कोणी 'आतां काय उपयोग?' असें न विचारतां दार उघडलें, म्हणून हें झालें. मामांची तेव्हां नोकरीचीच आठ वर्षें शिल्लक होतीं. मुळाक्षरें शिकावयास किती दिवस लागतात, हें माझ्याहून अधिक कोणाला ठाऊक होतें?

मामा आज हयात नाहींत. त्या आठ वर्षांत दर महिन्याला वेतनपत्रकावर त्यांचा अंगठा उठे. निळ्या शाईचा, स्वच्छ, रेघ न् रेघ दिसणारा. त्याच्याशेजारीं साक्षीदार म्हणून सही असे, ती माझी.