कुंडलिकेच्या पाण्यावर

मनोरीच्या आम्हां मुलांस पाण्याची भीति ठाऊक नाहीं, अशी आमची समजूत होती. तरींत बसून मार्व्याच्या धक्क्यावर उतरल्यावांचून आमची शाळा होत नाहीं. भरती केव्हां लागते आणि गाळ कोठें आहे, हें आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. म्हणून नाताळच्या सुटींत कोलाडास जाऊन कुंडलिका नदींतून रबरी तराफ्यांत प्रवास करण्याचा बेत मास्तरांनीं सांगितला, तेव्हां आमचा एक कोळी मित्र म्हणाला, "नदी ती काय! एकाच दिशेनें वाहते. आपली खाडी दिवसांतून चारदां फिरते." ह्या वाक्याची आठवण त्यास पुढें पुष्कळांनीं करून दिली.

अपरात्रीं निघावें लागलें. कारण ह्या नदीचें पाणी वेळापत्रकाप्रमाणें येतें. आम्ही पोंचलों तेव्हां पात्रांत दगडच अधिक दिसत होते. "ही का नदी?" असें आम्हांस वाटलें. थांबण्यास सांगण्यांत आलें. थोड्या वेळानें दगडांच्या कडा ओल्या झाल्या, मग ते बुडाले, आणि वरच्या वळणाकडून गडगडाट ऐकूं येऊं लागला. वाट पाहतांना मास्तरांनीं जें सांगितलें तें आम्हीं कोणीं ऐकलें नव्हतें. हें पाणी मूळचें कुंडलिकेचें नव्हेच. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणें जिल्ह्यांत, मुळा नदीवर मुळशीचें धरण आहे. ही मुळा पुण्यास मुठेला मिळून, पुढें भीमा आणि कृष्णा ह्यांच्या संगतीनें बंगालच्या उपसागरास जाणारी. तिचें पाणी अडवून, बोगद्यांतून व नळांतून घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहांत सोडलें आहे. मुंबईसाठीं वीज करून तें पाणी कुंडलिकेंत पडतें. पूर्वसमुद्राची वाटचाल करणारी नदी अशी पश्चिमसमुद्रास येते, आणि आमच्यासारखीं पोरें तिच्यावर खेळतात.

शिरस्त्राणें व तरंगणारीं जाकिटें घालून, हातीं वल्हें घेऊन आम्ही बसलों. पुढें बसणाऱ्यांनीं एकदम वल्हवावें, नावाड्याचा हुकूम होतांच थांबावें, आणि कोणी पडल्यास पाण्यांत उभें राहण्याचा यत्न करूं नये. पाठीवर निजून पाय प्रवाहाच्या दिशेस ठेवावे, म्हणजे दगड लागल्यास तो पायांस लागेल, एवढें शिकविण्यांत आलें. पहिले दोन खळाळ हसतखेळत गेले. दोन्ही काठांस गर्द झाडी, मधूनच खंड्या पक्ष्याची निळी रेघ, मागें सह्याद्रीची भिंत. तिसऱ्यांत तराफ्याचें नाक वर उचललें गेलें, आम्ही ओरडलों, आणि खालीं आलों तों आमच्या कोळी मित्राची जागा रिकामी होती.

किती वेळ गेला हें सांगतां येणार नाहीं. मास्तरांचा चेहरा आम्हीं तसा कधीं पाहिला नव्हता. खाडींत पडलेला मनुष्य जेथें पडला तेथेंच हात मारतो. हा तर आमच्या देखत पुढें पळत होता. सवयीनें तो काठाकडे पोहूं पाहत होता आणि पाणी त्याचें कांहींच ऐकत नव्हतें. "पाठीवर! पाय पुढें!" असें नावाडी ओरडला. अखेर त्यानें तसें केलें, दोर धरला, आणि आम्हीं त्यास जाकिटास धरून ओढून घेतलें. त्याच्या दांतांचा आवाज आम्हांस ऐकूं येत होता. थट्टा करण्यास तेव्हां कोणीही पुढें झाला नाहीं. ती दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

पुढें नदी शांत झाली. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें विचारिलें, "मास्तर, धरण बांधलें तेथें गांवें नव्हतीं?"

"होतीं. पन्नासांच्या आसपास," मास्तर म्हणाले. मावळच्या त्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पां. म. बापट त्यांचे पुढारी झाले, आणि तेथूनच लोक त्यांस सेनापति म्हणूं लागले. बायकामुलांसह लोक कामाच्या जागीं जाऊन बसले, तुरुंगांत गेले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालेंच.

"मग ते लोक?"

"डोंगरावर वर सरकले. कित्येक पांगले."

मित्रानें वल्हें आडवें मांडीवर घेतलें आणि पाण्याकडे पाहत राहिला. आम्हांसही वल्हविणें जरा जड वाटूं लागलें. पण उतरण्याची जागा जवळच होती.

दुपारीं रोह्यावरून कोर्लईस गेलों, कारण कुंडलिका समुद्रास कोठें मिळते तें पाहण्याची सर्वांस उत्कंठा होती. रेवदंडा आणि कोर्लईचा किल्ला ह्यांच्यामध्यें ती मिळते. कोर्लईंत ख्रिस्ती वस्ती असून तेथील लोक पोर्तुगीजापासून झालेली स्वतःची बोली अजून घरांत बोलतात. आमच्यांतील मनोरीच्या ख्रिस्ती मुलांस देवळाच्या अंगणांतील आजीबाईंचे दोनचार शब्द ओळखीचे वाटले, आणि त्यांनीं आम्हांस खाऊ घातलेल्या खोबऱ्याच्या वडीला तर भाषेची गरज नव्हती.

रात्रीं मार्व्यास आलों तों ओहोटी होती. तर येईपर्यंत धक्क्यावर बसलों असतां मास्तर म्हणाले कीं, तुळशी तलावापासून निघणारी दहिसर नदी ह्याच खाडीस येऊन मिळते. इतकीं वर्षें आम्ही एका डोंगरी नदीचें पाणी ओलांडीत होतों. आमचा मित्र उठून पायरीवर गेला व त्यानें पाण्यांत हात घातला. पाणी अजून बाहेरच्या बाजूसच ओढत होतें.

तराफ्यांतून पडल्याचें वृत्त आईस कळूं नये अशी त्याची विनंति असल्यामुळें त्याचें नांव आम्हीं येथें दिलें नाहीं.