नांगराखालचे युद्ध

बेल्जियम देशातील ईप्र या गावचे शिवार पाहिले, तर पहिल्यांदा तुम्हांला काही वेगळे वाटणार नाही. बटाटा, बीट, मका आणि गाईंची कुरणे. पण नांगरट सुरू झाली की फाळाला दगड लागावा तसा तोफगोळा लागतो. शेतकरी तो शेताच्या कडेला ठेवतो, वर्दी देतो आणि लष्कराची माणसे येऊन उचलून नेतात. याला तिकडे ‘लोखंडाचे पीक’ म्हणतात. पहिले महायुद्ध १९१८ साली थांबले; हे पीक अजून संपलेले नाही.

या शिवारात चार वर्षे दोन्ही फौजा चर खणून समोरासमोर बसल्या होत्या. जमीन चिकण मातीची. थोडे खणले की पाणी लागते. तोफांच्या माऱ्याने पाण्याचे पाट फुटले आणि चरांत गुडघाभर चिखल झाला. त्यात उभे राहून जवानांचे पाय सुजत, सडत. अंगावर उवा, पायांत उंदीर. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी इथे विषारी वायू सोडला. चारच दिवसांनी आपल्या देशाचे जवान इथे चढाईवर गेले. वायूपुढे तोंडाला ओले फडके बांधणे, एवढाच काय तो उपाय.

तिथून दक्षिणेला, सरहद्दीपलीकडे फ्रान्समध्ये नव शापेल गाव आहे. मार्च १९१५ मध्ये इथेही हिंदी फौज लढली. शेतांच्या मधोमध गोल भिंतीचे स्मारक आहे. ज्यांची कबरही नाही, अशा ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांत टेहरी गढवालचा गबरसिंग नेगी आहे. वय अवघे एकोणीस. बहुतेक सारी शेतकऱ्यांचीच पोरे. ती नावे वाचताना पाय हलेना.

आपल्या मराठा पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. आपल्याकडे काही गावांत जुन्या भिंतीवर एक दगडी पाटी दिसते: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नाव एकाचेही नाही, नुसता आकडा.

तुमच्या गावी अशी पाटी असेल, तर तिच्यावरची धूळ पुसा. घरोघरी विचारा, कोणाचे पणजोबा गेले होते? मिळतील ती नावे शाळेच्या वहीत लिहून ठेवा. तिकडच्या मातीने गोळे जपले. आपण निदान नावे जपूया.