गुडघाभर पाण्यातला समुद्र

तमिळनाडूतल्या मुत्तुपेट्टैच्या खाजणात होडी रुतली, तसं नावाड्याने इंजिन बंद केलं, लुंगी खोचली आणि सरळ पाण्यात उतरला. पाणी जेमतेम त्याच्या गुडघ्याला लागलं. मी मात्र तासभर जॅकेटचे बंद करकचून आवळून बसले होते.

खारफुटीतली सफर म्हटली की आमच्या मित्रमंडळींत हल्ली कोस्टारिकाचं नाव निघतं. तिथली तेराबा-सिएर्पेची पाणथळ भूमी मोठी खरीच. पण समुद्राला मिळताना कावेरीही काही कमी खेळ करत नाही. कल्लणैच्या बंधाऱ्यापासून तिला फाटे फुटत जातात, पाणी भातशेतीला वाटलं जातं आणि उरलेलं पामणियार, कोरैयार अशी नावं घेऊन इथे येतं.

काठावर बहुतेक सगळं तिवर, आपल्या कोकणातलंच. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात. जास्तीचं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पान चाटून पाहिलं, खारट! सोबतच्या तंजावरी मराठी काकांनी तमिळ नाव सांगितलं, ‘अलैयात्ति’. म्हणजे लाटांना शांत करणारं.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ आलं, तेव्हा पट्टुकोट्टैकडच्या नारळबागा आडव्या झाल्या. या जंगलालाही फटका बसला. नावाडी त्या रात्रीबद्दल फार बोलला नाही. हाताने फक्त झाड मोडल्याची खूण केली.

आदल्या दिवशी मल्लिपट्टिनमजवळचा मनोरा पाहिला होता. नेपोलियनचा पाडाव झाला म्हणून तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी उभारलेली ही षटकोनी, आठ मजली इमारत. शिलालेखात साल १८१४, आणि मजकूर मराठीतही! युद्ध युरोपात, विजय इंग्रजांचा, आनंद तंजावरात. राज्याचा कारभार तर १७९९ मध्येच कंपनीच्या हाती गेला होता. काकांना माझं हे बोलणं आवडलं नाही. “राजे होते ते,” एवढंच म्हणाले.

मनोऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात सागरी गवताची कुरणं आहेत. त्यावर चरणाऱ्या समुद्रगाईंसाठी २०२२ मध्ये ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर झालं, देशातलं पहिलं. तासभर डोळे ताणून बसले. गाय दिसली नाही, किनाऱ्याला लागलेलं गवत तेवढं दिसलं.

इकडे होडी हलेना. “अम्मा, तुम्हीपण उतरा,” नावाडी तमिळमध्ये म्हणाला. काका हसायला लागले. उतरले. चिखल पोटरीपर्यंत, कोमट आणि गुळगुळीत. तिघांनी मिळून ढकललं तेव्हा होडी सुटली. माझी डावी चप्पल तिथेच राहिली.