डावी बाजू

अण्णांच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीची एक बारीक खूण आहे. एवढ्या इंचांची तार कापा, दोन्ही टोकं सोला, एक टोक अमक्या पायाला गुंडाळा. डाख द्यायचा असेल तिथे सूचनेच्या शेवटी कंसात ‘एस’ असं अक्षर छापलेलं. अण्णा डाख देत, तो निवू देत, मग खूण करत, असं ते स्वतःच सांगायचे. खुणा सगळ्या सारख्या, जराशा उजवीकडे झुकलेल्या, त्यांच्या सहीसारख्या.

यंत्र म्हणजे डायनाको पॅस-३. व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर. डेव्हिड हॅफलर यांनी १९५५ साली फिलाडेल्फियात डायनाको सुरू केली. चांगलं ध्वनियंत्र नोकरदाराला परवडावं म्हणून सुटे भाग खोक्यात भरून विकायचे आणि जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची, अशी त्यांची रीत. अण्णा शिकायला त्याच शहरात होते. रात्री जेवणानंतर, दुसऱ्या मुलाशी वाटून घेतलेल्या खोलीत, टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ते जोडलं. १९७१ साली परत आले तेव्हा आजीने दिलेल्या गोधडीत गुंडाळून हे यंत्र आणलं. तिकडची वीज निराळी, म्हणून २३०चे ११० करणारा जड ट्रान्सफॉर्मर त्याच्याशेजारी कायमचा बसला.

सोनेरी पट्टीवर बटणांची रांग. त्यातल्या बॅलन्सच्या बटणाला आम्ही मुलांनी हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता. ते बटण मधोमध नसे. घड्याळात दहा वाजता तास-काटा असतो तसं डावीकडे कललेलं, आणि पट्टीवर नेमक्या त्या जागी पेन्सिलीची रेघ. पावसाळा लागला की डावी बाजू खरखरायची, मधूनच गप्प व्हायची. मग अण्णा टपावर तळहाताने दोन थापा मारत. दोनच. आवाज परत यायचा.

रेकॉर्डच्या खाचेतून सुईने उचललेला आवाज म्हणजे पाचेक मिलिव्होल्टचं काम. एवढ्याशा थरथरीला स्पीकर हलवण्याच्या वाटेवर आणायचं, आणि त्याआधी तिची घडी उलगडायची. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, कारण तो तसाच कोरला तर खाचा रुंद होऊन तबकडीवर वेळ मावणार नाही. आणि तीव्र स्वर वाढवून कोरतात, म्हणजे परत उतरवताना तबकडीची खसखसही त्यांच्याबरोबर खाली येते. किती दाबायचं, किती वाढवायचं, हे १९५४ पासून आरआयएए नावाच्या एका वक्ररेषेने ठरलेलं आहे. प्रीअँप्लिफायर तीच रेषा उलटी गिरवतो. पॅस-३ मध्ये हे सगळं चार १२एएक्स७ व्हॉल्व्ह करतात. पाचवा, १२एक्स४, त्यांना पुरवठा करतो. तबकडीवर जे आहे तेच कानाशी यावं ही जबाबदारी अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्यांवर आणि त्यांच्याभोवतीच्या मूठभर रेझिस्टन्स-कंडेन्सरांवर आहे, या गोष्टीचं मला अजून नवल वाटतं.

अण्णा गेल्यावर सहा वर्षं ते बंद होतं. एकदा लावलं तर घुंई घुंई असा हम, आणि त्यामागे गाणं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेली. सोल्डरिंगची सवय हाताला होती, व्हॉल्व्हची नव्हती. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत फिरत होते, तिथे एक म्हातारे रेडिओवाले भेटले. यादी त्यांनी वाचलीसुद्धा नाही. म्हणाले, “ताई, सगळं एकदम काढू नका. एक बदला, चालू करा, ऐका. मग दुसरं. नाहीतर बिघडलं तर कुठे बिघडलं ते कळणार नाही.”

मी तसंच केलं. प्लग काढला, तरी फिल्टरच्या कंडेन्सरांत तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेले राहू शकतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे केले, मीटरने दोनदा तपासले, आणि मगच हात आत घातला. ते कंडेन्सर आधी बदलले. मग पुरवठ्यात बल्बचा सिरीज बोर्ड लावून चालू केलं. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळला, मग मंदावून विझायला आला. माझा जीव भांड्यात पडला.

सेलेनियमचा रेक्टिफायर काढताना फारसा विचार केला नाही. सेलेनियम म्हातारा झाला की व्होल्टेज खातो, आणि जळालाच तर घरभर विषारी, कुजका वास सोडतो. त्याच्या जागी सिलिकॉनचा लावला. तो जवळजवळ काहीच खात नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या फिलामेंटला १२.६ऐवजी १४च्या वर व्होल्ट जायला लागले. मध्ये एक रेझिस्टन्स घालून ते खाली आणले. पहिला हम तिथेच निम्म्याहून कमी झाला.

खरा आजार कपलिंगच्या कंडेन्सरांत होता. एका व्हॉल्व्हच्या प्लेटवर दीडशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि पुढच्याच्या ग्रिडवर एकही नको असतो. मध्ये बसलेल्या कंडेन्सरने स्थिर वीज अडवायची आणि हलता आवाज तेवढा पुढे जाऊ द्यायचा. मी पुढचा पाय सोडवून तिथे मीटर धरला. उजव्या बाजूला आकडा वर उसळला आणि उतरत उतरत शून्याला टेकला. डाव्या बाजूला तो तीनवर थांबला. वाट पाहिली, पुन्हा धरला, तीनच. कागदाची घडी आतून गळत होती आणि पुढचा व्हॉल्व्ह कोण जाणे किती वर्षं त्या तीन व्होल्टांचं ओझं घेऊन गात होता. डाव्याच बाजूचे कार्बनचे रेझिस्टन्सही ओल पिऊन सरकलेले. २२० किलोओहमचा एक २७०वर गेला होता. पुण्याचे इतके पावसाळे त्याने पाहिले, त्याच्याकडून आणखी काय मागायचं?

कपलिंगचे सगळे पॉलिप्रॉपिलीनचे घातले, रेझिस्टन्स मेटल फिल्मचे. इथे मोह फार होतो. चांदीच्या पातळ पत्र्याचे, एकेक हजारोंच्या घरातले कंडेन्सर मिळतात. त्याने आवाजात काय फरक पडतो यावर लोक रात्र-रात्र बोलतात. मला वाटतं, गळणारा कंडेन्सर काढून न गळणारा घातला की कानाला जे मिळतं, त्याच्यापुढे बाकीचं फार थोडं आहे. आणि जे ठीक आहे ते काढू नये, असं माझं ठाम मत झालं. ती उलटी वक्ररेषा गिरवणारे लहान कंडेन्सर मी मोजले. दोन्ही बाजूंचे एकमेकांशी जुळत होते. तसेच ठेवले. व्हॉल्व्हही तेच. जुनं यंत्र घेऊन त्याचा फक्त डबा शिल्लक ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मग आपण कुणाचं यंत्र ऐकतो आहोत?

एवढं होईतो मृग लागला. दुसऱ्याच सरीत डावी बाजू खरखरली.

मी खरंच खचले. बदलण्यासारखं सगळं बदललं होतं. रात्री टप काढून यंत्र चालू ठेवलं, डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्या हातात बांबूची कोरडी काडी घेऊन एकेक तार हलकेच ढकलत गेले. व्हॉल्यूम कंट्रोलपाशी काडी लागली आणि स्पीकरमध्ये कड्कन आवाज झाला. बंद केलं, कंडेन्सर रिकामे केले, भिंग आणलं. कंट्रोलच्या पायाभोवती तार दीड वेढा घेऊन गुंडाळलेली होती, पकडीने दाबून बसवलेली, अगदी नीटस. डाख नव्हता. शेजारच्या पायांवर डाखाचे राखी, गुळगुळीत थेंब, आणि या एकाच पायावर नुसतं काळवंडलेलं तांबं.

मॅन्युअल काढलं. पान सापडलं, ओळ सापडली. शेवटी कंसात एस. पुढे खूण, उजवीकडे झुकलेली.

किती वेळ त्या ओळीकडे बघत बसले ते सांगता येणार नाही. वाटेकऱ्याने दिवा मालवायला सांगितला असेल, किंवा आयर्न थंड पडलं असेल. पंचविशीतला, घरापासून इतका लांब असलेला तो मुलगा मला त्या एका पायावर जितका दिसला तितका कुठल्याही फोटोत दिसलेला नाही. पन्नासहून जास्त वर्षं ते यंत्र त्या दीड वेढ्यावर बोलत होतं. हवा कोरडी असली की तार पायाला चिकटून राहायची. ओल आली की सुटायची. दोन थापांनी पुन्हा चिकटायची.

तार सोडवली नाही. अण्णांनी गुंडाळली होती तशीच ठेवून काळपटपणा तेवढा खरवडला. आयर्नचं टोक तारेला आणि पायाला एकदम टेकवलं, डाखाची तार दुसऱ्या अंगाने लावली. राळेचा धूर उठला. डाख आधी गोळी होऊन थांबला, मग एकाएकी पाघळला आणि वेढ्यांच्या आत शिरला. टोक काढलं, श्वास धरून काहीही न हलवता थांबले. चकाकी निवत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून धो धो पाऊस. बालगंधर्वांच्या जुन्या ७८च्या तबकड्यांवरून केलेली एलपी लावली. हे ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, आणि यंत्र सरळ असेल तर गाणारा दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो. ऑर्गन आला, सारंगी आली, सूर लागला. सगळं डावीकडून येत होतं. मी घाबरले. मग नजर बटणावर गेली. ते दहावरच होतं, पेन्सिलीच्या रेघेसमोर. डावी बाजू उणी पडत होती तेवढी अण्णांनी त्या बटणात भरून काढली होती.

हात लावायचा नाही, हे इतकं अंगात मुरलेलं की आधी मी दाराकडे पाहिलं. मग बटण धरलं आणि हळूहळू बारावर आणलं. सूर भिंतीवरून सरकत सरकत आला आणि मधोमध थांबला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, “एवढा पाऊस लागलाय, आणि आज थापा मारल्या नाहीस?”

मी तबकडीची दुसरी बाजू लावली.