एक ढांग

टानबाख हे नाव ऐकून कुणी नदी डोळ्यांसमोर आणू नये. हा ओढा आहे, आणि तोही धोतराचा सोगा न भिजवता पार करता यावा इतका लहान. एक ढांग टाकली की पलीकडे. बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला, होफ शहराच्या उत्तरेकडच्या चढउतारांच्या शेतांतून तो येतो आणि म्योडलारॉइट नावाच्या खेड्याच्या मधून निघून जातो. गावाची वस्ती पन्नासाच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एखाद्या लग्नाच्या एका पंगतीत अख्खं गाव जेवून उठेल.

त्या भागातल्या गावांच्या नावांना 'रॉइट' हे शेपूट बरेचदा दिसतं. रान तोडून मोकळी केलेली जमीन, असा त्याचा अर्थ. वाग्नरच्या संगीतोत्सवामुळे जगाला ठाऊक झालेलं बायरॉइट याच कुळातलं. टानबाखमधला 'टान' म्हणजे फर वृक्षांचं रान आणि 'बाख' म्हणजे ओढा. एकूण नावांवरून गोष्ट साधी दिसते. कुणी कुऱ्हाड घेऊन आलं, झाडं पाडली, पाणी जवळ होतं म्हणून तिथंच राहिलं. पाण्याच्या दोन्ही बाजूंना घरं झाली, कारण एका ढांगेच्या पाण्याला दोन बाजू असतात हे कुणाच्या मनातही आलं नसणार.

मनात आलं ते राजांच्या. ओढा ही दोन सत्तांमधली शीव आधीपासूनच होती. नेपोलियनच्या उलाढालींत बायरॉइटचा मुलूख बव्हेरियाच्या पदरात पडला आणि 1810 साली ओढ्याकाठी नवे शिवेचे दगड रोवले गेले. त्यांच्यावर एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. पुढे राजे गेले, रॉइस संस्थान थुरिंजियात विरून गेलं, दगड तेवढे राहिले. गावानं त्यांची फारशी दखल घेतली नाही. शाळा आणि बिअरची खानावळ थुरिंजियाच्या काठाला होती, चर्चला जायचं तर बव्हेरियातल्या ट्योपेनला. म्हणजे अक्षरं शिकायला एका राज्यात, देवाला भेटायला दुसऱ्या राज्यात, आणि देवाला भेटून झाल्यावर घसा ओला करायला परत पहिल्या राज्यात. शंभर-सव्वाशे वर्षं हे सीमोल्लंघन चाललं, तेही दसऱ्याची वाट न बघता.

1945 साली जेत्यांनी जर्मनीची वाटणी केली तेव्हा नव्या रेषा आखण्याचा त्रास फारसा घेतला नाही. जुन्याच प्रांतांच्या शिवा उचलल्या. थुरिंजिया रशियनांकडे, बव्हेरिया अमेरिकनांकडे. 1949 साली त्या दोन भागांची दोन राष्ट्रं झाली. आपल्याकडे भाऊ वेगळे होतात, वाड्यात मधोमध भिंत घालतात, पण निदान भांडण तरी त्यांचं स्वतःचं असतं. इथं वाटणी कुणी मागितलीच नव्हती.

1952च्या मे महिन्यात पूर्व जर्मनीनं सरहद्द आवळली. पाच किलोमीटरचा प्रतिबंधित पट्टा, त्याच्या आत पाचशे मीटरचा आणखी कडक पट्टा, आणि अगदी सरहद्दीला लागून दहा मीटर रुंदीची नांगरलेली जमीन. या शेवटच्या पट्ट्यापाशी मी पुनःपुन्हा अडखळतो. शेतकऱ्यांच्या मुलखात जमीन नांगरायची, ढेकळं फोडून भुसभुशीत करायची, आणि मग काही पेरायचं नाही. जमीन मऊ ठेवायची ती पळून जाणाऱ्याची पावलं उमटावीत म्हणून. पीक घ्यायचं ते फक्त ठशांचं. त्याच उन्हाळ्यात सरहद्दीलगतच्या हजारो 'अविश्वासू' माणसांना घरांतून उठवून आत हलवण्यात आलं. त्या मोहिमेचं गुप्त नाव जर्मनमध्ये 'उनगेत्सीफर' असं होतं. म्हणजे कीड. शेतीचीच भाषा वापरली होती.

म्योडलारॉइटमध्ये आधी फळ्यांचं कुंपण आलं, काटेरी तारा आल्या, आणि 1966 साली काँक्रीटची भिंत. सातशे मीटर लांब, माणसाच्या दुप्पट उंचीला थोडीच कमी. बर्लिनमध्ये भिंत उभी राहून पाच वर्षं झाली होती, पण बर्लिन हे महानगर. इथं भिंतीपलीकडच्या घराची खिडकी ओळखीची, परसातलं झाड ओळखीचं. पश्चिमेकडून कुणी हात हलवला तर चालायचं, पूर्वेकडून उलट हात हलवायला बंदी होती. बंदुका, कुत्री, प्रखर दिवे यांचं वर्णन कुणीही करील. मला हा न हललेला हात जास्त बोचतो. शेजाऱ्यानं हाक दिली आणि आपण ऐकूच आली नाही असं दाखवत गाईला चारा घालत राहिलो, अशी कितीतरी वर्षं.

अमेरिकन सैनिकांनी गावाचं नाव 'छोटं बर्लिन' ठेवलं आणि गाव प्रेक्षणीय झालं. बव्हेरियाच्या बाजूनं माणसं बघायला येत. 1983च्या फेब्रुवारीत जॉर्ज बुश येऊन गेले, तेव्हा ते उपाध्यक्ष होते.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989ला उघडली. म्योडलारॉइटला मात्र आणखी महिनाभर थांबावं लागलं. 9 डिसेंबरला पायी जाण्यापुरती वाट मोकळी झाली. पुढच्या वर्षी 17 जूनला यंत्र लावून भिंत पाडली. एक तुकडा ठेवला आहे, टेहळणीचा मनोरा आहे, संग्रहालय आहे.

आता गंमत अशी की देश एक झाला तरी गाव एक झालं नाही, आणि कुणाला त्याची घाईही दिसत नाही. एक काठ थुरिंजियातल्या गेफेलच्या कारभारात, दुसरा बव्हेरियातल्या ट्योपेनच्या. दोन महापौर, दोन पिन कोड, गाड्यांच्या पाट्यांवर दोन जिल्ह्यांची अक्षरं. एका बाजूचा माणूस भेटल्यावर 'ग्र्यूस गॉट' म्हणतो, आपल्या 'राम राम'सारखं देवाचं नाव घेऊन. दुसऱ्या बाजूला 'गुटेन टाग' पुरतं. शाळांच्या सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. मला हे सगळं फार आवडतं. 1810च्या दगडांइतकीच ही रेषा पुन्हा किरकोळ झाली आहे, चेष्टेचा विषय होण्याइतकी.

31 ऑक्टोबर हा मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस. त्या दिवशी थुरिंजियाच्या काठाला सुट्टी, बव्हेरियाच्या काठाला काम. दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, सर्व संतांचा दिवस म्हणून बव्हेरियाला सुट्टी, आणि थुरिंजियावाले कामाला. ज्याला दोन्ही दिवस निवांत बसलेल्या शेजाऱ्यांत गप्पा मारायच्या असतील, त्यानं मधल्या रात्री एक ढांग टाकावी.