निपाणीची वाट आणि अनवाणी पाऊल

कागल सोडल्यावर दूधगंगा आणि वेदगंगा अशा दोन नद्या ओलांडून एस.टी. निपाणीला पोहोचते. मध्येच कोठेतरी राज्य बदललेले असते. ते पाट्यांवरच्या लिपीवरून कळते, माणसांवरून कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर हे गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि त्याला अगदी खेटून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात राहिले. देवचंद महाविद्यालय त्या अर्जुननगरात आहे, म्हणून निपाणीची मुले रोज सकाळी वह्या घेऊन परराज्यात जातात आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परततात. की उलट म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांस निपाणी ठाऊक असते ती तंबाखूसाठी आणि सीमाप्रश्नासाठी. वडीलधाऱ्यांना १९८१ चे आंदोलनही आठवत असेल. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणारे शेतकरी येथील महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि एप्रिल महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काही जण प्राणास मुकले. आम्ही मात्र या खेपेस निपाणीला गेलो ते पावले पाहण्यासाठी.

कारण असे की, आमच्या शहरांतून अलीकडे पहाटे पळणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे, आणि गुडघे धरून बसणाऱ्यांचीही. चार बोटे जाडीच्या तळाचे बूट येतात, त्यांची किंमत ऐकून पूर्वीच्या काळी लोकांनी त्यात एक म्हैस घेतली असती. तरी टाच दुखते, नडगी दुखते. तेव्हा दुसऱ्या पक्षाचे लोक सांगतात की, दुखण्याचे मूळ बुटातच आहे. पाय मोकळा सोडा, अनवाणी पळा, नाहीतर अगदी पातळ तळाचे काही घाला. हा वाद अमेरिकेत सुरू झाला असे समजून आपण तो ऐकतो. परंतु ज्या मुलखात पातळ तळाची वहाण शतकानुशतके शिवली गेली आणि ज्या मुलखाने शंभर वर्षांपूर्वी ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला धावपटू पाठविला, त्याला या बाबतीत काही विचारावे, असे आम्हांस वाटले.

आरंभ वहाणेपासून करणे सोयीचे. कोल्हापुरी चप्पल हे नाव कोल्हापूरचे असले तरी ती शिवणारे हात सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार असा एकत्रित उल्लेख झाला. बेळगाव त्यांत आहे. दोन राज्यांनी मिळून मान्य केलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक, म्हणून ती नोंदविण्याजोगी. येथून जवळच कागल तालुक्यात सेनापती कापशी आहे. कापशी चप्पल ती तेथली. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशनगृहाने मिलानच्या प्रदर्शनात अशाच घाटाच्या वहाणा मांडल्या आणि मूळ गावांचे नाव घेतले नाही, त्यावरून केवढा गहजब झाला हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

बाजारपेठेपासून थोड्या अंतरावर एका वृद्ध कारागिराच्या ओट्यावर आम्ही तासभर बसलो. तळाला म्हशीचे कातडे, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले. वर पट्टा, दोन बाजूंस कान, पुढे अंगठा. खिळा कोठेही नाही, सारी शिवण कातड्याच्या वादीची. टाचेला उंची जवळजवळ नाहीच. आज परदेशात ज्याला पायाला मोकळीक देणारे पादत्राण म्हणतात, त्याची बहुतेक लक्षणे येथे जुळतात. आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, “बाबा, हे घालून पळता येईल का हो?”

म्हातारा हसला. म्हणाला, “पाव्हणं, पायताण चालायसाठी असतंय. पळायची पाळी आली की ते हातात घ्यायचं.”

आमचा अर्धा लेख तेथेच कोसळला! परंतु पुढे तो जे बोलला ते आम्हांस अधिक मोलाचे वाटले. नवी वहाण चावते, हे सर्वांस ठाऊक आहे. तिला तेल पाजावे लागते. “पयल्या दिशी घटकाभर घालायचं आन् काढून ठेवायचं. दुसऱ्या दिशी वाईच जास्त. पंधरा-वीस दिसांनी ते पायाचं हुतंय आन् पाय त्याचा हुतोय. घाई केली की फोड.” पायाच्या संदर्भात यापेक्षा शहाणपणाचे बोलणे आम्ही कोणत्याही दवाखान्यात ऐकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावाबाहेरच्या मैदानावर गेलो. थंडी होती, तंबाखूच्या शेतांवर धुके होते आणि त्या धुक्यात पंचवीस-तीस मुले पळत होती. हा सारा पट्टा सैन्यभरतीचा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि दर गावात निवृत्त जवान आहेत. येथेही असेच एक गृहस्थ शिट्टी घेऊन उभे होते. हुद्दा काहीही असो, मुले त्यांना ‘मेजर’च म्हणतात. भरतीत १,६०० मीटरची धाव असते आणि वयाची मर्यादा आड येते, म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला संधी येतात त्या मोजक्याच. त्यांतली एक दुखऱ्या पायामुळे हुकली, तर घरच्या दोन एकरांवर परत. शहरात गुडघा दुखला तर आपण पळणे सोडून देतो. येथे पाय म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मेजरांनी आम्हांस दोन मुले दाखविली. पहिल्याने तंबाखूच्या पैशातून भारी बूट घेतले होते. बुटाच्या मऊपणावर भरवसा ठेवून तो लांब लांब ढांगा टाकी, प्रत्येक ढांगेला टाच पुढे आपटे, आणि महिन्याभरात दोन्ही नडग्या ठणकू लागल्या. मेजरांनी त्याचे बूट काढून त्याला मातीवर रोज दहा मिनिटे अनवाणी पळविले, अधिक नाही. उघडी टाच कोणी जमिनीवर जोराने आपटत नाही, कारण लागते. मग पाऊल आपोआप आखूड पडते, चवडा आधी टेकतो, गुडघा किंचित वाकलेला राहतो. सहा आठवड्यांनी नडग्या शांत झाल्या. आता तो पुन्हा बूट घालतो, पण ढांग आखूडच ठेवतो.

दुसरा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. पहिल्याचे पाहून याने एके दिवशी बूट फेकले आणि थेट डांबरी रस्त्यावर आठ किलोमीटर अनवाणी धावला. दोन-तीन दिवस असेच चालले. चवड्यातल्या एका हाडाला बारीक चीर गेली, आणि भरती पुढच्या महिन्यावर आलेली. मेजर त्याला रागावत नव्हते. “पुढल्या वर्षी अजून वय हाय तुझं,” एवढेच म्हणत होते. मुलगा खाली मान घालून मातीवर बोटाने रेघा ओढीत होता.

शास्त्र याहून निराळे सांगत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि बूटवाले बहुधा टाचेवर. टाचेवर उतरताना क्षणार्धात जो धक्का बसतो, तो शरीराच्या वजनाच्या दीडपट ते तिप्पट असतो. चवड्यावर उतरणाऱ्याला हा ठोसा जवळजवळ बसत नाही. परंतु भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. गुडघ्याचे ओझे हलके होते ते पोटरीवर आणि टाचेमागच्या घोडशिरेवर येते. आयुष्यभर बुटात झोपलेल्या पोटरीला ते एकदम पेलत नाही. अमेरिकेत त्या सुमारास पाच बोटांच्या हातमोज्यासारखी पादत्राणे फार खपली. अनवाणी पळण्याने दुखापती टळतात, या जाहिरातीस पुरेसा आधार नाही म्हणून खटला झाला, आणि २०१४ मध्ये उत्पादक कंपनीने साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली. बूट विकणारे आणि बूट सोडायला सांगणारे, दोघेही शेवटी काहीतरी विकतातच.

निपाणीहून बेळगावकडे निघाले की लागलीच तवंदीचा घाट चढावा लागतो. वर स्तवनिधीचे जैन क्षेत्र आहे. दूरदूरचे यात्रेकरू येतात. देवळाच्या फरशीवर वहाणा काढून उभे राहिल्यावर तळव्याला गारवा कळतो. मागे राहिलेली निपाणीकडची जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पायाला शेर शेर चिकटणारी. पुढे बेळगावकडे जावे तसतशी माती तांबडी होत जाते, मुरूम लागतो. डोळ्यांआधी पायाला हे कळावे, असा हा प्रवास. मात्र महामार्गाच्या कडेने अनवाणी जाण्याचे दिवस आता राहिले नाहीत. काचा, तारा, खिळे. आणि वाहनांचा वेग पाहता चालण्याचेही धाडस होत नाही. आतल्या गाडीवाटा अजून बऱ्या आहेत.

या रस्त्याच्या टोकाला असलेल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आज कितीजणांना आठवतात? १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. पुढे १९२९ च्या एका पत्रात त्यांनी लिहून ठेवले आहे की, धावणारी मुले शेतकरी कुटुंबांतली होती, जेमतेम अन्नावर वाढलेली, खडीच्या कठीण रस्त्यावर अनवाणी पळण्याची सवय असलेली. आणि तरीही लांब पल्ल्यातली त्यांतल्या काहींची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची होती. तेथून भारताचा पहिला ऑलिंपिक चमू उभा राहिला. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पला मॅरेथॉन झाली. अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर, म्हणजे निपाणी-बेळगाव रस्त्याच्या निम्म्याहून अधिक. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. कोल्हापूरचे रणधीर शिंदे त्याच वेळी कुस्तीत होते आणि चौथे आले. ‘फडेप्पा’ हे नाव कानडी वळणाचे, आणि चौगुले हे आडनाव दोन्ही बाजूंचे. सीमा आखणाऱ्यांनी या एका नावाचे काय केले असते, कोण जाणे.

चाळीस वर्षांनी, १९६० मध्ये, इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावला आणि जिंकला. जगाला ते आश्चर्य वाटले. परंतु त्याचे पुढचे पान क्वचितच सांगितले जाते. १९६४ मध्ये टोकियोला तोच बिकिला बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचला.

अनवाणी पायाचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. मिलिंद सोमण २०१६ मध्ये अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी धावले, ते आपल्या इच्छेने. बारामतीला २०१३ च्या सुमारास साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारीत अनवाणी धावल्या, त्या पतीच्या तपासण्यांच्या खर्चासाठी. दोघांच्याही जिद्दीला आमचा नमस्कार; पण दोन्ही पावलांना एकच शब्द लावणे बरे नव्हे. आमच्या त्या म्हाताऱ्या कारागिराने सहज बोलता बोलता सांगितले, की त्याच्या आज्याने गावच्या वाड्यासाठी वहाणा शिवल्या, परंतु त्याच वाड्यासमोरून जाताना स्वतःच्या वहाणा डोक्यावर नाहीतर काखेत घेतल्या. असे एकाच गावात नव्हते. ज्याच्या घराण्याला पायात काही घालण्याचा हक्क झगडून मिळवावा लागला, त्याला अनवाणी चालण्याचे आरोग्य समजावून सांगताना जीभ जरा आवरावी.

बेळगाव आणि निपाणी या दोन्ही ठिकाणी नवरात्रात दुर्गामाता दौड निघते. नऊ दिवस पहाटे शेकडो-हजारो माणसे फेटे बांधून, पायांत काही न घालता गल्लोगल्ली धावतात. तिच्या संघटनेच्या विचारांबद्दल मतभेद आहेत. ते येथे बाजूस ठेवू. पावलांपुरते पाहिले तर वर्षभर बूट-चप्पल वापरणारी ही माणसे एकदम डांबरावर उतरतात, आणि कित्येकांच्या तळव्यांना फोड येतात. हौशी मंडळींनी आठ-पंधरा दिवस आधीपासून घराच्या अंगणात, मग मैदानावर थोडे थोडे पळावे, म्हणजे माळेच्या तिसऱ्या दिवशी लंगडावे लागणार नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र या नादी लागूच नये. त्यांच्या तळव्याची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतलेला कळत नाही, आणि एवढ्याशा जखमेतून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांच्यासाठी मऊ रबराची, एम.सी.आर. म्हणून मिळणारी चप्पल हेच योग्य पायताण.

बेळगावला मुक्काम असेल तर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात पहाटे अवश्य जावे. जुनी झाडे आहेत, माती आहे, गवत आहे. बूट हातात घेऊन दहा मिनिटे चालण्यास याहून चांगली जागा त्या शहरात आम्ही पाहिली नाही. निपाणीला उतरणाऱ्यांनी कार्तिक ते माघ हे महिने धरावेत. उन्हाळ्यात काळी जमीन इतकी तापते की गावकरीदेखील दुपारी वहाणेशिवाय बाहेर पडत नाहीत. चप्पल घ्यावयाची असेल तर ती थेट कारागिराकडून घ्यावी, माप देऊन शिवून घ्यावी, आणि घाई करू नये. आमची जोडी तयार होण्यास नऊ दिवस लागले, आणि ती अजून तेल पीत आहे.